ड्रमसेटच्या खालच्या स्किन: कधी बदलाव्यात, कोणत्या घ्याव्यात?

मंदार_कोथरूड
नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाच ड्रमचा सेट आहे: 22 इंची बेस ड्रम, 12 आणि 13 इंची टॉम, 16 इंची फ्लोअर टॉम आणि 14 इंची स्नेअर. शेल (ड्रमचे पोकळ अंग) पॉप्लर लाकडाचे आहेत आणि सेट वापरलेला घेतला आहे. वरच्या स्किन (काठी पडते ते पडदे) मी नियमित बदलतो; सध्या टॉमवर दोन थरांच्या पारदर्शक स्किन आहेत. खालच्या स्किन मात्र कारखान्यातून आल्या तशाच आहेत, आणि त्यांवरचे कंपनीचे नावही आता धड वाचता येत नाही. फ्लोअर टॉमचा सूर अलीकडे लागतच नाही. वरची नवी स्किन लावली की काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तोच बसका आवाज येतो. स्नेअर हलक्या हाताने वाजवला तर खालच्या स्किनला टेकलेल्या तारा बोलत नाहीत.

खालच्या स्किनवर काठी कधीच पडत नाही, मग त्या खरोखर खराब होतात का? बदलायच्या तर सगळ्या एकदम बदलाव्यात की एकेक करून चालेल? जाडी किती घ्यावी? आणि स्नेअरची खालची स्किन काढताना तारांची काय काळजी घ्यावी? नवरात्रीचे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी हे काम उरकायचे आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

जोसेफ_वसई
मंदार, खालच्या स्किन खराब होतात आणि त्या नकळत खराब होतात, हीच खरी अडचण आहे. स्किन म्हणजे पॉलिएस्टरची पातळ फिल्म. ती वर्षानुवर्षे ताणाखाली राहिली की हळूहळू लांबते आणि तिचा लवचीकपणा जातो. काठीचा मार नसल्यामुळे तिच्यावर खड्डे पडत नाहीत, म्हणून डोळ्यांना ती चांगलीच दिसते आणि आपण दोष वरच्या स्किनला देत राहतो.

परीक्षा अशी करावी. फ्लोअर टॉम गादीवर उलटा ठेवा, म्हणजे वरची स्किन दबून गप्प राहील. आता खालच्या स्किनवर प्रत्येक रॉडजवळ (स्किन ताणणाऱ्या स्क्रूजवळ), कडेपासून साधारण इंचभर आत, बोटाने टिचकी मारा आणि सगळीकडे एकच सूर येईपर्यंत रॉडची चावी, म्हणजे की, फिरवत जा. चांगली स्किन दोन-तीन फेऱ्यांत जुळते. शेजारच्या दोन रॉडांचा सूर मिळवला की समोरचा उतरतो, समोरचा चढवला की पहिला बिघडतो, असे चक्र संपतच नसेल तर एक तर स्किन गेली आहे किंवा शेलची कड खराब आहे. बहुतेक वेळा स्किनच गेलेली असते.

आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारी मुले माझ्याकडे सेट जुळवायला आणतात, त्यांत हाच प्रकार सर्वाधिक दिसतो: वर महागडी स्किन आणि खाली सेटबरोबर आलेली मूळ स्किन. पैसे थोडे असतील तर आधी स्नेअरची खालची स्किन बदला, मग फ्लोअर टॉमची. बाकीच्या नंतर बदलल्या तरी चालतील.

सारंग_ठाणे
मी थोडे वेगळे मत मांडतो. खालच्या स्किन बदलण्याची घाई करू नये. माझ्या जुन्या सेटवरच्या टॉमच्या खालच्या स्किन अनेक वर्षांच्या आहेत आणि त्या सेटवर मी आजही रेकॉर्डिंग करतो. सूर न लागण्याचे कारण बहुतेक वेळा जुळवणीत असते. मंदार, तू वरची स्किन बदलताना खालच्या स्किनला कधी की लावली आहेस का? नसेल, तर नव्या स्किनवर खर्च करण्यापूर्वी दोन्ही बाजू पूर्ण सैल करून पहिल्यापासून जुळवून पाहा.

वैशाली_भौतिकी
सारंग यांचा सल्ला पहिली पायरी म्हणून योग्य आहे. पण खालची स्किन एवढी महत्त्वाची का, हे कळले तर निवड सोपी जाईल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ताणलेल्या गोल पडद्याची मूळ कंपनसंख्या तीन गोष्टींवर ठरते: व्यास, ताण आणि दर चौरस एककामागचे वस्तुमान. व्यास वाढला की सूर त्याच प्रमाणात उतरतो. ताण वाढला की तो ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. आणि पडदा जड झाला की वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो. समजा, 10 मिलची स्किन काढून त्याच ताणाने 7.5 मिलची लावली, तर हवेचा भार बाजूला ठेवून सूर सुमारे 15 टक्क्यांनी, म्हणजे अडीच अर्धस्वरांच्या आसपास चढेल. (1 मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर.) उलट बाजूने पाहिले तर, तोच सूर पातळ स्किनवर हवा असेल तर तिला तीन-चतुर्थांश ताण पुरतो.

आता दोन स्किनच्या मध्ये कोंडलेली हवा आहे. वरच्या स्किनवर काठी पडते, ती आत दबते आणि हवा खालच्या स्किनला ढकलते. दोन्ही पडदे एकाच दिशेने हलतात तेव्हा आतली हवा फारशी दाबली जात नाही आणि सूर खालचा राहतो. ते परस्परविरुद्ध दिशांनी हलतात तेव्हा हवा दाबली जाऊन स्प्रिंगचे काम करते आणि त्या प्रकारची कंपनसंख्या चढते. दोन्ही पडद्यांचे सूर जवळ असतील तर ऊर्जा एकीकडून दुसरीकडे सहज जाते-येते आणि नाद लांबतो. त्यामुळे वरच्या स्किनने ठोक्याचा स्पर्श आणि धार ठरते, तर नाद किती वेळ राहणार आणि कोणत्या सुरात विरणार, यावर खालच्या स्किनचा मोठा अधिकार असतो. ती असमान ताणलेली किंवा निर्जीव असेल, तर वर काहीही लावा, नाद अर्ध्यावरच विरतो.

कायदा_पेशकार
वैशालीताई, छान समजावले. मी तबलावादक आहे, म्हणून एक शंका. आमच्या शाईमुळे (मधल्या काळ्या लेपामुळे) पुडीचे, म्हणजे तबल्याच्या कातड्याचे, वरचे स्वर मूळ सुराशी जुळतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये आणि पुढे 1934 मध्ये यावर लिहिले आहे. ड्रमच्या स्किनवर तसे काही नसते, मग त्याला नेमका सूर असतो असे म्हणता येईल का?

वैशाली_भौतिकी
साध्या गोल पडद्याचे वरचे स्वर मूळ कंपनसंख्येच्या 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा पटींत येतात. हे पूर्णांक नाहीत, म्हणून तबल्यासारखा स्पष्ट षड्ज मिळत नाही. तरीही कानाला चढ-उतार कळतो, आणि दोन टॉममधले अंतरही कळते. प्रत्येक रॉडपाशी ताण सारखा नसेल तर याच वरच्या स्वरांची प्रत्येकी दोन-दोन रूपे होतात, ती किंचित वेगळ्या सुरात वाजतात आणि नाद थरथरतो. मंदार ज्याला सूर न लागणे म्हणतो आहे, ते बहुधा हेच असावे.

जोसेफ_वसई
सारंग, तुमचा मुद्दा मान्य आहे, मात्र एका अटीवर. चांगल्या प्रतीची खालची स्किन खरोखर दीर्घकाळ टिकते. माझा ठोकताळा असा की टॉमच्या वरच्या स्किन तीन-चार वेळा बदलून होतात तेव्हा खालच्या एकदा बदलाव्यात. भरपूर वाजवणाऱ्याने साधारण वर्ष-दोन वर्षांनी त्या तपासाव्यात. पण सुरुवातीच्या किमतीच्या सेटवर कारखाना ज्या स्किन लावतो, त्या पुष्कळदा नव्या असतानाच बेताच्या असतात. मंदारच्या सेटवर त्याच आहेत असे त्याच्या वर्णनावरून दिसते.

अनघा_नाशिक
मला नेमक्या निवडीबद्दल विचारायचे आहे. दुकानात गेले की एकच नाव तीन-तीन जाडींत दिसते. टॉमच्या खाली नक्की काय घ्यायचे?

जोसेफ_वसई
अनघाताई, टॉमच्या खाली एकाच थराची पारदर्शक स्किन, हे निर्धास्त उत्तर आहे. रेमोची अ‍ॅम्बॅसेडर किंवा इव्हान्सची जी1 (रेमो आणि इव्हान्स या स्किन बनवणाऱ्या कंपन्या), दोन्ही स्किन 10 मिलच्या आहेत. त्याहून पातळ म्हणजे रेमोची डिप्लोमॅट, 7.5 मिलची. वर एकाच थराची स्किन असेल आणि हलक्या हाताने जॅझ किंवा भावगीताची साथ करायची असेल तर खाली डिप्लोमॅट फार गोड बोलते. वर दोन थरांची असेल, जशी मंदारकडे आहे, तर खाली 10 मिलची घ्यावी. रेमोची एम्परर किंवा इव्हान्सची जी2, म्हणजे 7 मिलचे दोन थर, खाली लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे; तिने नाद आखडतो.

खरेदीची एक सोय सांगतो. टॉमच्या स्किनचा तीन नगांचा संच मिळतो, तो वरच्या बाजूसाठी म्हणून विकला जातो. त्यातला एकाच थराचा पारदर्शक संच घेतला तर तोच खाली लावता येतो आणि सुट्या नगांपेक्षा स्वस्तात पडतो. मात्र मंदार, तुझी मापे 12, 13 आणि 16 आहेत; अनेक संच 10, 12 आणि 14 किंवा 10, 12 आणि 16 चे असतात. माप रिमचे (स्किन दाबून धरणाऱ्या कडीचे) घेऊ नका, शेलचा बाहेरचा व्यास मोजा. रॉड किती आहेत याच्याशी स्किनच्या मापाचा संबंध नसतो.

दामोदर_मडगाव
मी ध्वनिसंयोजनाचे काम करतो, त्यात तियात्रांचे (गोव्यातल्या कोंकणी संगीत-नाटकांचे) प्रयोगही असतात. तिथे कांतारांना, म्हणजे गाण्यांना, ट्रम्पेट-सॅक्सोफोनसह बँडची जिवंत साथ असते आणि ड्रम प्रेक्षकांपासून फार लांब नसतो. जोसेफबाबांनी दोन थरांच्या खालच्या स्किनला सरसकट नकार दिला, तिथे मी थोडा अडतो. गुंजणाऱ्या सभागृहात, प्रत्येक टॉमला माईक असताना, लांब नाद हा माझ्यासाठी त्रास असतो. एक टॉम वाजला की बाकीचे दोन घुमत राहतात आणि त्या घुमण्यात गायकाचे शब्द बुडतात. अशा ठिकाणी जाड खालची स्किन असलेला सेट मला आवडतो.

जोसेफ_वसई
दामोदर, सभागृहाची अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी स्किन कायमची जाड करण्यापेक्षा फ्लोअर टॉममध्ये कापसाचे तीन-चार गोळे सोडून पाहा. ठोका पडताच ते खालच्या स्किनवरून उडतात, नादाला क्षणभर मोकळे सोडतात आणि परत खाली बसून त्याला आवरतात. दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानात कार्यक्रम असेल तर काढून टाकता येतात. जाड स्किनचे तसे नाही.

दामोदर_मडगाव
कापसाचा उपाय मी वापरला आहे आणि तो चालतो. 14 इंचांपेक्षा लहान टॉममध्ये मात्र मला त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. तिथे खालच्या स्किनच्या कडेला जेलची छोटी चकती लावणे बरे.

रोहन_डोंबिवली
खालच्या स्किन काढूनच टाकल्या तर? 1970 च्या दशकात एकाच स्किनचे कॉन्सर्ट टॉम सर्रास वापरात होते आणि ड्रमर फिल कॉलिन्स तर त्यासाठी ओळखला जातो. खर्चही वाचेल.

सारंग_ठाणे
रोहन, तो आवाज मलाही प्रिय आहे, पण ते ड्रम एकाच स्किनसाठी घडवलेले होते. त्यांना खालच्या बाजूला लग (शेलवरचे, रॉड ज्यांत बसतात ते धातूचे तुकडे) नसतात. आपल्या नेहमीच्या टॉमची खालची स्किन आणि रिम काढली की लगच्या आतल्या स्प्रिंग आणि नट खुळखुळतात, आणि शेलची नाजूक कड उघडी पडते. सेट गाडीतून कार्यक्रमाला न्यायचा असेल तर ती कड कुठेतरी आपटतेच. शिवाय एका स्किनच्या टॉमचा ठोका जवळून धारदार लागतो, पण माईक नसेल तर तो लांबवर पोचत नाही. मंदारच्या कामाला हे उपयोगाचे नाही.

पथक_नारायणपेठ
आमच्या दोरीच्या ढोलात दोन्ही पाने वाजतात, एकावर टिपरू आणि दुसऱ्यावर हाताची थाप, आणि एकच दोरी दोन्ही पाने एकदम ताणते. त्यामुळे एक बाजू चढवून दुसरी उतरवण्याची सोय जवळजवळ नसते. ड्रमसेटमध्ये दोन्ही बाजूंना वेगळे रॉड आहेत, तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग नेमका कसा करायचा? खालची बाजू वरच्यापेक्षा चढी ठेवायची की उतरती?

जोसेफ_वसई
तीन वाटा आहेत. दोन्ही सारख्या सुरात ठेवल्या तर नाद सर्वांत लांब आणि सरळ राहतो. खालची चढी ठेवली तर ठोक्यानंतर सूर किंचित घसरल्यासारखा वाटतो, नाद थोडा आखूड होतो आणि गाण्याच्या साथीत टॉम उठून दिसतो. खालची उतरती ठेवली तर आवाज खोल पण बोथट होतो; मी हे क्वचित करतो.

नव्याने शिकणाऱ्यासाठी माझी पद्धत सांगतो. वरच्या स्किनवर रॉडजवळ येणारा सूर षड्ज धरा. खालची स्किन तिच्या कोमल गंधारावर लावा. जास्त आखूड आणि ठसठशीत आवाज हवा असेल तर मध्यमापर्यंत चढवा. तानपुऱ्याचे अ‍ॅप उघडून ठेवले की कानाला आधार मिळतो. आपल्याकडे ज्यांचा कान शास्त्रीय संगीतावर तयार झाला आहे, त्यांना हे फार लवकर साधते असा माझा अनुभव आहे.

मंदार_कोथरूड
सर्वांचे आभार. सारंगदादांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही बाजू पूर्ण सैल करून पुन्हा जुळवल्या. 12 इंची टॉम चक्क सुधारला. फ्लोअर टॉमचे मात्र जोसेफ सरांनी लिहिले तसेच चक्र चालू आहे, तेव्हा ती स्किन बदलतोच. आता स्नेअरबद्दल कोणी सविस्तर लिहील का? तिथे हात लावायचे धाडस होत नाही.

जोसेफ_वसई
स्नेअरची खालची स्किन ही वेगळीच वस्तू आहे. तिच्या नावातच स्नेअर साइड असे लिहिलेले असते आणि ती घेतानाच तपासावे. नेहमीची जाडी 3 मिल, म्हणजे 0.076 मिलिमीटर. रेमोच्या अ‍ॅम्बॅसेडर स्नेअर साइडची हीच जाडी आहे, इव्हान्सची त्याच जाडीची 300 या क्रमांकाने मिळते. 200 म्हणजे 2 मिल: फार संवेदनशील आणि नाजूक. 500 म्हणजे 5 मिल: जोरात वाजवणाऱ्यांसाठी. 14 इंच माप जुळते म्हणून टॉमची 10 मिलची स्किन तिथे लावली तर तारा हलक्या ठोक्याला उत्तरच देत नाहीत. हाताळलेल्या जुन्या स्नेअरमध्ये हा प्रकार मी पुष्कळदा पाहतो, म्हणून तुझ्या स्नेअरवर आधी काय लावले आहे ते पाहा.

काढण्याचा क्रम असा. आधी ड्रम उलटा ठेव आणि तारांची खिट्टी (तारा ताणणारी आणि सैल करणारी पकड) सोड. तारा फितीने किंवा दोरीने दोन्ही बाजूंना अडकवलेल्या असतात. त्यांतली खिट्टीच्या विरुद्ध बाजू, जिथे फक्त स्क्रूने पकडलेली असते, ती जशीच्या तशी राहू दे. खिट्टीकडची बाजू सोडण्यापूर्वी फितीवर ती कुठे पकडली होती तिथे पेनाने बारीक रेघ मार. मग ती बाजू सोड आणि तारा हळूच बाजूला वळव. त्या ओढायच्या नाहीत, कारण एक तार जरी लांबली तरी ती नंतर कायम गुणगुणत राहते.

आता रिमकडे नीट पाहा. खालच्या रिमला समोरासमोर दोन खाचा असतात, ज्यांतून तारांची फीत बाहेर येते. त्या खाचा खिट्टीसमोर आणि विरुद्ध पकडीसमोरच यायला हव्यात. रॉड काढण्यापूर्वी रिमवर आणि शेलवर एकाच रेषेत कागदी चिकटपट्टीचा तुकडा लाव, म्हणजे परत बसवताना रिम एक लग पुढे-मागे फिरणार नाही. शेलच्या कडेवरही याच दोन जागी थोडा उतार दिलेला असतो, त्याच्यामुळे तारा स्किनला पूर्ण लांबीभर टेकतात. हा उतार दोष समजून कोणी घासून सपाट करू नये.

नवी स्किन बसवताना सगळे रॉड बोटांनी टेकवून घे आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा वळसा देत जा. ही स्किन पातळ असली तरी चांगली घट्ट लावायची असते. सैल राहिली तर तारा फडफडतात. मधोमध तळवा दाबून बसवण्याची सवय टॉमसाठी ठीक आहे, 3 मिलच्या स्किनवर मात्र ते करू नये. शेवटी तारा मध्यभागी आणून, पेनाच्या रेघेपाशी फीत पकडून, खिट्टीचा स्क्रू त्याच्या फिरण्याच्या साधारण मध्यावर ठेव, म्हणजे पुढे घट्ट आणि सैल दोन्ही करायला जागा राहील.

अनघा_नाशिक
हे इतके नेमके कुठेच वाचले नव्हते. जपून ठेवते आहे.

ऋतुजा_रत्नागिरी
किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक भर घालते. आमच्याकडे खाऱ्या हवेने स्नेअरच्या तारा आणि रॉड गंजतात. खालची स्किन काढलीच आहे तर रॉडचे आटे कोरड्या कापडाने पुसून त्यांना व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्यावा. स्किनला किंवा कडेला ते लागू देऊ नये. तारांवर तांबूस ठिपके दिसत असतील तर त्याही त्याच वेळी बदलाव्यात, कारण गंजलेली तार नव्या पातळ स्किनला ओरखडे पाडते.

पावसाळ्यात स्किन उतरते का, असे मला शिष्य विचारतात. 1956-57 मध्ये चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरच्या स्किन बाजारात आणल्या, त्यापूर्वी ड्रमवर प्रामुख्याने वासराचे कातडे असे आणि दमट हवेत ते सैल पडे. आजच्या स्किनला दमटपणाचा तसा त्रास नाही. लाकडी शेलवर मात्र हवेचा परिणाम होतो.

शिरीष_एडिसन
ऋतुजाताईंच्या मुद्द्याची दुसरी बाजू इथे न्यू जर्सीत दिसते. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या तळघरात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसते आणि रॉड आपोआप सैल पडू लागतात. मंडळाच्या कार्यक्रमापूर्वी सेट थंड गाडीतून सभागृहात आणला की मी आधी त्याला खोलीच्या उबेला येऊ देतो आणि मगच की हातात घेतो. खालच्या स्किनची जुळवणी बहुतेकजण कार्यक्रमाच्या जागी करतच नाहीत, कारण ड्रम स्टँडवर चढलेला असतो आणि वाकावे लागते. माझी विनंती आहे की ती करावी.

दामोदर_मडगाव
बेस ड्रमच्या समोरच्या स्किनचा विषय राहून गेला. तीही दुसरी स्किनच आहे. तिला भोक नसेल तर आवाज घुमारदार, पण माईक ठेवायला अडचण. मध्यापासून बाजूला चार-पाच इंचांचे भोक सर्वांत सोयीचे. ते सात इंचांच्या पुढे गेले की स्किन जवळजवळ नसल्यासारखीच वागू लागते. हाताने कापायचे असेल तर भोकाच्या कडेला प्लॅस्टिकची रिंग लावावी, नाहीतर तिथून चीर जाते.

एक आणखी. टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा आपोआप खरखरतात, ही तक्रार नवीन स्किन लावल्यावर पुष्कळ येते. त्या टॉमचा सूर स्नेअरच्या खालच्या स्किनच्या सुराजवळ आला की असे होते. टॉमच्या खालच्या स्किनचा सूर थोडा हलवावा. तो हलवायचा नसेल तर स्नेअरच्या खाली, तारांच्या दोन्ही टोकांशेजारचे रॉड किंचित सैल करावेत.

मंदार_कोथरूड
स्नेअर आणि फ्लोअर टॉमचे काम झाले. स्नेअरच्या खाली खरोखरच टॉमची जाड स्किन लावलेली निघाली. 3 मिलची लावल्यावर बोटाच्या टोकाने मारलेल्या टिचकीलाही तारा उत्तर देत आहेत. फ्लोअर टॉमच्या खाली 10 मिलची पारदर्शक स्किन लावून कोमल गंधारावर आणली आणि वरची जुनीच ठेवली, तरी आवाज पोटातून येतो आहे.

13 इंची टॉम मात्र नव्या स्किननेही जुळत नाही. खालच्या बाजूला एका रॉडपाशी सूर कायम पडलेला राहतो. स्किन फिरवून पाहिली, तरी जागा तीच.

सारंग_ठाणे
जागा तीच राहते याचा अर्थ दोष शेलमध्ये किंवा रिममध्ये आहे. दोन्ही स्किन काढून शेल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर खालची कड टेकवून ठेव, खोलीत अंधार कर आणि शेलच्या आत टॉर्च लाव. कड आणि ओटा यांच्यामधून कुठे उजेड झिरपतो ते बाहेरून पाहा. मग रिमही ओट्यावर ठेवून ती डुगडुगते का ते बघ. ओटा स्वतः सपाट आहे ना, हे शेल थोडे फिरवून ताडता येते: उजेडाची फट शेलबरोबर फिरली तर दोष शेलचा.

मंदार_कोथरूड
पाहिले. रिम सपाट आहे. शेलमध्ये त्याच रॉडपाशी बोटभर लांबीची फट आहे, शेल फिरवले की तीही फिरते. कड थोडी दबलेली दिसते, कधीतरी आपटली असावी. आमच्या ओळखीचे सुतार घासून देतो म्हणतात.

जोसेफ_वसई
नेहमीच्या सुताराकडून घासून घेऊ नकोस. ती कड ठरावीक कोनात, बहुतेक आधुनिक सेटवर 45 अंशांत, उतरवलेली असते आणि संपूर्ण वर्तुळ एकाच पातळीत यावे लागते. एकाच जागी घासले तर फट मोठी होईल. ड्रम दुरुस्त करणाऱ्याकडे ते राउटरवर सबंध कड नव्याने कापून देतात, त्यात शेलची उंची नगण्य कमी होते. नवरात्रीपूर्वी ते होणे अवघड दिसते. तोवर 12 इंची टॉम आणि फ्लोअर टॉम एवढ्यावरच वाजव. 12 ची वरची स्किन अर्धा स्वर उतरव, खालची आहे तिथेच राहू दे, म्हणजे दोघांमधले अंतर फार मोठे वाटणार नाही. 13 ची नवी स्किन कड कापून आल्यावरच लाव, तोपर्यंत ती खोक्यात सपाट ठेव.